विचारलं तरच

ह्या खेळात गोळ्याला बोल म्हणतात
आणि मार्करनं बोलायचं नसतं.
विचारलं तरच. विचारलं तेवढंच.

जॅकच्या मागे दोन पावलांवर मी,
पांढरे बूट, खिशात खडू,
सावली जॅकवर पडू नये अशा बेतानं उभी.
तशी सावलीची काळजी फार नसते.
एअरशायरच्या किनाऱ्यावर जूनमध्येसुद्धा
ऊन पाहुण्यासारखं येतं,
कोट न काढता बसतं.

वीस-वीस.
हा एंड जिंकेल तिचा सामना.

पलीकडच्या टोकाला चटईवर मॉर्व्हन किनीअर, आमची.
तिच्या आईला पंधरा वर्षं मी पोस्टात तिकिटं विकली.
मागे लोसालिनी तुकाना, फिजीची.
सोमवारी बसमधून सपाता घालून उतरली होती,
आणि हसली तेव्हा ओठ निळे पडले होते.
दुहेरीत, चौघींत, कुणीतरी ओरडून सांगतं,
डावीकडून घे, थोडं जड टाक.
एकेरीत कुणी नसतं.
तीस मीटरवर लिंबाएवढा पिवळा जॅक,
त्याच्यामागे एक म्हातारी, तोंड मिटून.

बोल सरळ जात नाही,
हे नव्यानं बघायला येणाऱ्यांना सांगावं लागतं.
एका कुशीला त्याचा कल असतो.
जोर आहे तोवर शहाण्यासारखा चालतो,
दम संपत आला की वाट वाकडी करतो
आणि शेवटी जिथे जायचं तिथेच येऊन टेकतो.
डूगल म्हणायचा, हा तर मी, शनिवारी रात्री.

मॉर्व्हनचे दोन बोल जॅकला खेटून बसलेले.
लोसालिनीचा तिसरा आला तो जरा जास्तच जोरात,
जॅकच्या अंगावरून निघून गेला
आणि खंदकात पडला.
लोक हळहळले. कुणीतरी थर्मासचं झाकण उघडलं.

पण जॅक हलला होता.
केसभर.
त्याच्याखाली दबलेलं गवताचं एक पातं
हळूच उभं राहिलं.
ते मी पाहिलं. फक्त मी.

विचार करायला वेळ नव्हता, असं मी नंतर सांगत आले.
होता.
काउंटरवर सुट्टे पैसे मोजणारे
मॉर्व्हनच्या आईचे हात आठवतील, एवढा होता.

मग गुडघा कुरकुरला, मी खंदकात वाकले
आणि त्या काळ्या बोलवर खडूनं फुली मारली.
एकदा मारून पुरलं असतं. दोनदा गिरवली.

मॉर्व्हननं चौथा बोल अर्ध्यावर आणून उभा केला,
दाराला आतून खुर्ची लावावी तसा.
लोसालिनी चटईवर आली. लांबून विचारलं,
"खंदकातला माझा धरायचा?"
"तुमचा. लागलेला."
त्या एंडमधलं माझं बोलणं एवढंच.

तिनं फडक्यानं बोल पुसला. पुसतच राहिली.
दिवसभर थोपटल्यासारखी खेळलेली बाई ती,
पण शेवटचा असा सोडला
की त्याला वळायला सवडच मिळाली नाही,
खुर्चीच्या बाजूच्या फटीतून सरळ आला, टक्,
जॅक उडाला, खंदकाच्या भिंतीवर आपटला,
मागे घरंगळला
आणि फुलीपासून वीतभर अंतरावर थांबला.

मोजायला टेप काढावाच लागला नाही.

मॉर्व्हन चालत आली.
जॅक पाहिला. फुली पाहिली. मग मला.
विचारलं नाही.
लोसालिनीच्या गळ्यात पडली,
मग माझा हात हातात घेतला
आणि बोटावरचा खडू तिच्या बोटांना लागला.

मंगळवारी खाटकाच्या दुकानात
आर्ची मक्लर्ग सुरी पुसत म्हणाला,
खरं सांग, लागला होता का गं?

त्यानं विचारलं होतं, म्हणजे बोलायला हरकत नव्हती.
अर्धा किलो खिमा दे, म्हटलं,
चरबी कमी घाल,
आणि काट्यावरून अंगठा काढ.